पाते सगळ्या चाचण्यांत उतरते, तरी वापरात फसते: हीट ट्रीटमेंटच्या चाचण्या कशा तपासाव्यात

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात समोर येते. पाते भट्टीतून काढून तेलात विझवले, दोनदा टेंपर केले (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा मंद तापवले), कानस घासून पाहिली तर ती घसरली, पितळी सळीवर धार दाबली तर ती वाकून पुन्हा सरळ झाली, कागद सफाईने कापला गेला, हातावरचे केस उतरले. आणि तरीही प्रत्यक्ष कामाला लावल्यावर थोड्याच दिवसांत धारेचे बारीक टवके उडाले किंवा धार एका अंगाला दुमडली. मग कधी पोलादाला दोष दिला जातो, कधी वापरणाऱ्याला. तेल बदलले जाते, टेंपरिंगचे तापमान पाच-दहा अंशांनी वरखाली केले जाते, आणि पुढच्या पात्याचीही तीच गत होते.

या तक्रारीचा शोध बहुतेक जण भट्टीपासून सुरू करतात. माझ्या मते तो चाचण्यांपासून सुरू करायला हवा. ज्या चाचण्यांच्या भरवशावर आपण पाते चांगले ठरवले, त्या चाचण्यांत वाईट पाते अडकले असते का, हे आपण सहसा तपासलेलेच नसते. मुद्दाम बिघडवलेले पाते त्याच चाचणीतून, त्याच हाताखाली, सुखरूप बाहेर पडत असेल, तर चांगले पाते बाहेर पडल्याने काहीही सिद्ध होत नाही. पुढचे सगळे विवेचन या एका प्रश्नाला धरून आहे.

हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. १०९५ या साध्या कार्बन पोलादाची बरीच पाती मी एकाच पद्धतीने केली होती. त्या पोलादात कार्बन सुमारे ०.९५ टक्के असतो आणि विझवण्यापूर्वी ते साधारण ८०० अंश सेल्सिअसला तापवायचे असते. भट्टीच्या पडद्यावर मला ८०० दिसत होते, कानस घसरत होती, पितळी सळीची परीक्षा प्रत्येक पाते पार करत होते, काठिण्याचा आकडाही अपेक्षेप्रमाणे येत होता. टवके मात्र उडत राहिले. अखेर एका छोट्या चिनी मातीच्या वाटीत चिमूटभर शुद्ध मीठ घालून ती भट्टीत ठेवली आणि तापमान हळूहळू चढवत नेले. मीठ ८०१ अंशांना वितळते. माझ्या भट्टीचा पडदा त्या वेळी जेमतेम ७५० दाखवत होता. म्हणजे ८०० लावून मी प्रत्यक्षात सुमारे ८५० अंशांवर काम करत होतो. त्या तापमानाला या पोलादातले जवळजवळ सर्व कार्बाइड (लोखंड आणि कार्बनचे कडक कण) विरघळून जातात, कार्बन गरजेपेक्षा जास्त प्रमाणात लोखंडात मुरतो, आणि विझवल्यावर जे मार्टेन्साइट (विझवलेल्या पोलादाची कडक रचना) तयार होते ते बारीक पट्ट्यांऐवजी ताटलीसारख्या तुकड्यांचे, सूक्ष्म भेगा बाळगणारे आणि ठिसूळ असते. माझ्या नेहमीच्या चाचण्यांपैकी एकीलाही हा दोष दिसण्याची शक्यता नव्हती, कारण अति तापवलेले पाते कानशीला उलट जास्तच जोमाने झिडकारते.

मिठाची ही तपासणी तापमापक शंकास्पद वाटेल तेव्हा प्रत्येकाने करून पाहावी. मीठ वाटीबाहेर सांडून भट्टीच्या तारांवर पडणार नाही एवढी काळजी घ्यावी, कारण ते तारा खाते.

आधी दोष हीट ट्रीटमेंटचाच आहे का, ते पाहा

धार गेली म्हणजे पाणी (तापवणे, विझवणे आणि टेंपर करणे, म्हणजेच हीट ट्रीटमेंट) चुकले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. निदान तीसपट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून धार पाहिली, तर दोन वेगळी चित्रे दिसतात. धार दुमडली असेल तर तिच्या टोकाशी प्रकाश परतवणारी चकचकीत रेघ दिसते. टवके उडाले असतील तर अर्धचंद्रासारखे खड्डे आणि त्यांच्या आत खरबरीत, न चमकणारा मोड (मोडलेल्या जागेचा पृष्ठभाग) दिसतो. पहिले चित्र मऊपणाकडे बोट दाखवते आणि दुसरे ठिसूळपणाकडे. परंतु धार कामाच्या मानाने अति पातळ असेल तर उत्तम पाणी दिलेल्या पात्यातही ही दोन्ही चित्रे दिसू शकतात. म्हणून धारेच्या टोकापासून एक मिलिमीटर वर पात्याची जाडी किती आहे ते कॅलिपरने मोजून लिहून ठेवावे, धारेचा कोनही लिहावा, आणि ज्या पात्याबद्दल तक्रार नाही त्याच्या मापांशी ती मापे ताडून पाहावीत. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

दुसरी शक्यता धार लावताना जळण्याची. कोरड्या बेल्ट ग्राइंडरवर धार लावली की टोकाशी असलेले अत्यल्प धातू क्षणात तापते. पाते हाताला गार लागते, निळा रंगही उमटत नाही, आणि तरी शेवटचे काही मायक्रॉन पुन्हा टेंपर होऊन मऊ झालेले असतात. तसेच हीट ट्रीटमेंटच्या आधीच धार फार पातळ घासली असेल, तर भट्टीतल्या हवेने तिच्या पृष्ठभागावरचा कार्बन जाळून टाकलेला असतो. दोन्ही दोषांची परीक्षा एकच आहे. पाण्याखाली, ओल्या दगडावर, धारेचे सुमारे अर्धा मिलिमीटर धातू काढून नवी धार लावावी आणि तेच काम पुन्हा करून पाहावे. पाते आता नीट टिकत असेल, तर आतले पोलाद चांगले होते आणि दोष केवळ कातडीचा होता. नवे पाते पहिल्या धारेला निराश करते आणि तिसऱ्या-चौथ्या धारेनंतर सुधारते, या नेहमीच्या अनुभवाचे कारणही बहुधा हेच असते. पहिल्याच धारेवर कापण्याची चाचणी घेऊन हीट ट्रीटमेंटचा निवाडा करणे त्यामुळे मला अन्यायाचे वाटते.

वाकवण्याच्या चाचण्या

वाकवण्याच्या चाचण्यांभोवती जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही चाचणीभोवती नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

पाते किती सहज वाकते, याचा हीट ट्रीटमेंटशी जवळजवळ काहीच संबंध नाही. पोलादाचा लवचिकता गुणांक सुमारे २०५ गिगापास्कल असतो, आणि पोलाद नरम असो वा कडक, तो व्यवहारात तेवढाच राहतो. ताठपणा ठरतो तो मुख्यतः जाडीवर, तोही जाडीच्या घनाप्रमाणे: बाकी सर्व सारखे असताना ३ मिलिमीटरऐवजी ४ मिलिमीटर जाडीचे पाते वाकवायला जवळजवळ २.४ पट जोर लागतो. 'हे पाते ताठ आहे, म्हणजे पाणी छान बसले' हे विधान म्हणूनच निराधार आहे, आणि त्याच्या उलटचे विधानही तितकेच निराधार आहे.

हीट ट्रीटमेंटने ठरते ती मर्यादा, म्हणजे किती वाकेपर्यंत पाते पूर्ण परत येईल हे. वाकलेल्या पात्याच्या बाहेरच्या पृष्ठावर पडणारा ताण साध्या सूत्राने काढता येतो: पात्याची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. १ मिलिमीटर जाडीचे पाते ५० मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाकारावर वाकवले तर पृष्ठभाग १ टक्का ताणला जातो. नीट कडक करून कमी तापमानाला टेंपर केलेले पोलाद साधारण एवढा ताण सोसून पुन्हा सरळ होते. पूर्ण नरम असलेले तेच पोलाद ०.२ टक्क्याच्या आसपासच कायमचे वाकते. आता ५ मिलिमीटर जाडीचे पाते घेतले, तर तोच १ टक्का ताण २५० मिलिमीटर त्रिज्येलाच गाठला जातो. म्हणजे पातळ, निमुळते पाते काटकोनात वाकून परत आले, तर त्याचे श्रेय बहुतांशी त्याच्या पातळपणाला आहे. आणि जाड पाते थोडे वाकवताच मोडले, तर त्याचा दोष त्याच्या जाडीलाही असू शकतो. जाडी आणि त्रिज्या सांगितल्याशिवाय 'वाकले आणि परत आले' हे वाक्य अपुरे आहे.

पूर्ण मऊ राहिलेले पाते या चाचणीत नक्की सापडते, एवढे तिचे मोल मान्य केले पाहिजे. परंतु स्प्रिंगसारखे, सुरीसाठी बरेच मऊ असलेले पातेही तिच्यातून सहज निसटते, कारण परत येण्यासाठी लागणारे बळ त्यातही पुरेसे असते.

काटकोनात वाकवून तसेच वाकलेले ठेवण्याची चाचणी निराळी आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या जर्नीमन स्मिथ या पायरीच्या परीक्षेत उमेदवाराने केलेले पाते आधी मोकळा लोंबकळणारा दोर एका घावात तोडते, मग लाकडी फळी दोनदा तोडते, त्यानंतरही केस उतरवते, आणि शेवटी व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवले जाते; धारेकडून ठरावीक मर्यादेपर्यंत भेग गेली तर चालते, पाते दुभंगले तर नाही. या परीक्षेबद्दल मला पूर्ण आदर आहे, कारण एकाच पात्यात धार कडक आणि पाठ मऊ ठेवण्याइतका ताबा लोहाराकडे आहे का, हे ती नेमके विचारते आणि क्रमही असा ठेवते की नुसती मऊ पाठ करून भागत नाही. गैरसमज होतो तो तिचा निकाल सुरीच्या गुणवत्तेचा दाखला म्हणून वापरला जातो तेव्हा. पाठ मऊ असल्यामुळे पाते न मोडता वाकते, आणि त्याच मऊपणामुळे ते सर्वत्र कडक असलेल्या पात्यापेक्षा कमी जोराला कायमचे वाकते. धारेपाशी असलेल्या पोलादाचा चिवटपणा त्या वाकण्यातून कळत नाही.

पितळी सळीची चाचणी हे याच गणिताचे छोटे रूप आहे. धार सळीवर टेकवून दाबली की तिचे लवणे दिसते. परत आली तर ठीक, वाकून राहिली तर मऊ, टवका उडाला तर ठिसूळ, असे वाचन केले जाते. लवणारा भाग किती पातळ आहे यावर इथे सगळे अवलंबून असते. त्याच पात्याची धार ०.२ मिलिमीटर जाडीवर आणली तर ती लवेल, ०.६ मिलिमीटरवर ठेवली तर जागची हलणारही नाही, आणि न हलणारी धार काहीच सांगत नाही. एकाच मापाला घासलेली पाती एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी मी ही चाचणी अजूनही करतो. दोन वेगळ्या घडणीच्या सुऱ्यांची तिच्यावरून तुलना करणे मी सोडून दिले आहे.

खिळा तोडण्याचा प्रयोग तर सोडूनच द्यावा. साध्या खिळ्याचे पोलाद कडक केलेल्या पात्यापेक्षा कितीतरी मऊ असते. धार जाड ठेवली आणि हातोडी सरळ मारली की सामान्य पातेही तो तोडते.

कानस आणि रॉकवेलचा आकडा

कानस घसरली तर पृष्ठभाग कानशीच्या जवळपास कडक आहे, एवढेच कळते. ती रुतली तर लगेच निराश होऊ नये. वरची खपली आणि कार्बन जळालेला थर घासून एक-दोन दशांश मिलिमीटर आत गेल्यावर पुन्हा पाहावे. विझवणे मुळातच मंद झाले आहे का, हे ओळखण्यासाठी मात्र ही चाचणी खरोखर उपयोगी आहे. १०९५ सारख्या पोलादाला सुमारे ५४० अंशांच्या खाली एका सेकंदाच्या आत यावे लागते, नाहीतर त्यात मऊ पर्लाइट तयार होते, आणि ते सर्वत्र एकसारखे होत नसल्यामुळे कानस धारेच्या काही भागांवर घसरते आणि काही भागांवर रुतते. म्हणून टेंपर करण्यापूर्वी टाचेपासून टोकापर्यंत पूर्ण धार तपासावी. एका जागी घासून समाधान मानू नये.

रॉकवेल सी या काठिण्य मोजण्याच्या पद्धतीत १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू आधी १० आणि मग एकूण १५० किलोग्रॅम भाराने दाबला जातो, आणि वाढलेल्या खोलीवरून आकडा निघतो. खोली मिलिमीटरमध्ये घेऊन ती ०.००२ ने भागायची आणि १०० मधून वजा करायची. याचा अर्थ एक अंक म्हणजे फक्त दोन मायक्रॉन. पात्याखाली अडकलेला धुळीचा कण, उलट बाजूला राहिलेली बारीक लव (घासताना कडेला सुटलेला धातूचा पातळ पापुद्रा), किंवा उताराच्या पृष्ठावर घेतलेले माप, यांतले काहीही आकडा दोन-तीन अंकांनी खाली आणू शकते. ६० या आकड्याला शंकू ०.०८ मिलिमीटर आत जातो. पात्याची जाडी या खोलीच्या किमान दहापट, म्हणजे ०.८ मिलिमीटर असावी लागते. खरी धार याहून पातळ असते, त्यामुळे रॉकवेलचा आकडा धारेवर घेताच येत नाही; तो नेहमी पाठीकडचा किंवा मुठीजवळचा असतो आणि धारही तशीच असेल असे आपण गृहीत धरतो. धार जळाली असेल तर ते गृहीतक खोटे ठरते. उसळी मोजणारी हातातली यंत्रे जाड, वजनदार तुकड्यांसाठी बनवलेली असतात. सुरीच्या पात्यावर त्यांचा आकडा विश्वासार्ह नसतो. यंत्र कोणतेही असो, त्या दिवशी प्रमाणित ठोकळ्यावर ते काय दाखवत होते हे लिहिलेले नसेल तर मी त्या आकड्याला फारशी किंमत देत नाही.

माप अचूक आले तरी एक मोठा प्रश्न उरतोच. एकाच आकड्यापर्यंत दोन वाटांनी पोचता येते: योग्य तापमानाला तापवून हलके टेंपर करून, किंवा अति तापवून जास्त टेंपर करून. दोन्हींचे काठिण्य ६० येईल, आणि चिवटपणात मात्र मोठा फरक असेल. जास्त मिश्रधातू असलेल्या पोलादांत अति तापवल्याने रूपांतर न झालेले ऑस्टेनाइट (तापवल्यावर बनणारी, मार्टेन्साइटपेक्षा मऊ रचना) शिल्लक राहते, आणि तापमान वाढवत नेले तर काठिण्य आधी चढून मग उतरते. त्यामुळे शिखराच्या दोन्ही बाजूंना तोच आकडा सापडतो. शिवाय काठिण्य कमी केले की चिवटपणा वाढतोच, ही समजूतही सर्वत्र लागू नाही. कमी मिश्रणाच्या पोलादांत साधारण २६० ते ३७० अंशांच्या टप्प्यात टेंपर केल्यास काठिण्यही घटते आणि चिवटपणाही घटतो. टवके उडतात म्हणून टेंपरिंग २०० वरून ३०० अंशांवर नेणारा माणूस याच खड्ड्यात पडतो, आणि मग 'इतके मऊ करूनही मोडते, म्हणजे पोलादच वाईट' असे म्हणतो.

आकडा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. १०८४ (१०९५ पेक्षा थोडा कमी कार्बन असलेले साधे पोलाद) विझवल्यावर ६५ च्या आसपास आणि २०० अंशांवर दोनदा टेंपर केल्यावर ६१ च्या आसपास यायला हवे. तिथे ५६ आले तर काहीतरी निश्चित चुकले आहे. चूक झाली हे आकडा सांगू शकतो. सर्व ठीक आहे, हे तो एकटा सांगू शकत नाही.

मोड पाहणे

पात्याबरोबरच तापवलेला आणि विझवलेला छोटा तुकडा मोडून त्याचा मोड पाहणे ही मला सर्वांत प्रामाणिक घरगुती चाचणी वाटते, तीही तुलनेने केली तर. बारीक कणांचा (पोलादातल्या स्फटिकांचा) मोड करडा आणि मखमलीसारखा दिसतो; कण वाढलेला मोड साखरेसारखा चमचमतो. साखर दिसली तर तापमान फार चढले होते, यात शंका नाही. करडा मोड दिसला तर कण फार वाढलेले नाहीत, इतकेच म्हणता येते. टेंपरिंग चुकले आहे का, किंवा माझ्या १०९५ प्रमाणे कार्बन गरजेपेक्षा जास्त मुरला आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. माझ्या तुकड्यांचा मोड करडाच होता. योग्य तापमानाला केलेला तुकडा शेजारी ठेवला तेव्हा कुठे तो किंचित खरबरीत असल्याचे लक्षात आले.

चिवटपणाचा आकडाच हवा असेल तर प्रयोगशाळेत आघात-चाचणी करता येते. सर्वसाधारण चार्पी चाचणीचा १० मिलिमीटर चौरस, खाच पाडलेला नमुना मात्र सुरीच्या कडक पोलादासाठी निरुपयोगी ठरतो, कारण खाचेमुळे चांगले आणि वाईट दोन्ही नमुने इतक्या कमी ऊर्जेला मोडतात की फरक उरतच नाही. म्हणून अशा पोलादांसाठी खाच नसलेले, ५५ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद आणि २.५ मिलिमीटर जाड नमुने वापरले जातात. सगळे नमुने पास होणारी चाचणी जशी काही सांगत नाही, तशीच सगळे नापास होणारी चाचणीही सांगत नाही.

दोर आणि पुठ्ठा कापून पाहणे

कापण्याच्या चाचण्यांत हीट ट्रीटमेंटचा आवाज सर्वांत क्षीण असतो आणि इतर गोष्टींचा गोंगाट सर्वांत मोठा. धारेच्या कोनातला लहानसा फरक काठिण्याच्या दोन-तीन अंकांचा फरक सहज झाकून टाकतो. दोरात अडकलेली माती, पुठ्ठ्यातली वाळू आणि खडूसारखी भर एका गुंडाळीतून दुसऱ्या गुंडाळीत बदलते. हात थकतो, आणि आपण केलेले पाते जिंकावे ही इच्छा कापण्याच्या कोनात नकळत उतरते. म्हणूनच आयएसओ ८४४२-५ या प्रमाणित चाचणीत यंत्र ठरावीक भाराने, ठरावीक लांबीचे घाव, क्वार्ट्झ मिसळलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर घालते आणि एकूण किती मिलिमीटर कागद कापला गेला ते मोजते. तिथेही धारेची घडण वेगळी असेल तर निकाल घडणीचाच येतो.

हाताने चाचणी करायची असेल तर काही बंधने पाळावीच लागतात. दोन्ही पाती एकाच पट्टीतून कापलेली, एकाच मापाला घासलेली आणि कोन धरणाऱ्या साधनावर एकाच दगडाने धार लावलेली असावीत. धारेवरची लव पूर्ण काढलेली असावी, कारण लव असलेली धार पहिल्या काही घावांतच पडते आणि दोष पोलादावर येतो. एकाच दोराचे तुकडे आळीपाळीने दोन्ही पात्यांना द्यावेत. कोणते पाते कोणते, हे कापणाऱ्याला ठाऊक नसावे. मुठीवर चिकटपट्टी गुंडाळून दुसऱ्या कोणाकडून खूण घालून घेणे एवढ्यानेही हे साधते. आणि थांबायचे कधी, हे 'कागद नीट कापत नाही' अशा भावनेवर सोडू नये. वजनकाट्यावर एका चौकटीत ताणून बसवलेला एकसारखा दोरा धारेने वरून दाबून तोडावा, तुटताना काटा किती ग्रॅम दाखवतो ते पाहावे, आणि हे माप ठरावीक घावांनंतर घेत जावे.

किती वेळा करावे, याचे उत्तर साध्या मोजणीत आहे. दोन प्रकारची प्रत्येकी दोन पाती घेतली आणि आपण आधीच चांगल्या ठरवलेल्या प्रकारची दोन्ही वरचढ ठरली, तरी दोन्ही प्रकार खरे पाहता सारखेच असताना निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता सहात एक आहे. प्रत्येकी तीन घेतली तर ती वीसात एक होते, आणि प्रत्येकी चार घेतली तर सत्तरात एक. एक पाते विरुद्ध एक पाते ही चाचणी नाणे उडवण्याइतकीच असते, मग दोर कितीही फूट कापलेला असो. तीन-तीन पाती घेऊनही दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळत असतील, तर फरक सिद्ध झाला नाही असे लिहून मोकळे व्हावे. तो निकालही तितकाच कामाचा आहे, कारण ज्या बदलासाठी आपण अधिक कष्ट घेणार होतो तो बदल या चाचणीत जाणवण्याइतका मोठा नव्हता हे त्यातून कळते.

मुद्दाम बिघडवलेले तुकडे

आता मूळ उपायाकडे येतो. एकाच पट्टीतून, लाटण्याच्या एकाच दिशेने, समान मापाचे तुकडे कापावेत. दिशा महत्त्वाची आहे, कारण आडव्या दिशेने कापलेला तुकडा तेवढ्यानेच लवकर मोडतो. १०८४ साठी पहिला गट योग्य पद्धतीने करावा: मिठाने तपासलेल्या भट्टीत ८१५ अंश, जलद तेल, २०० अंशांवर दोनदा टेंपर. (चुंबक सुटण्याच्या क्षणावर विसंबणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांच्या सुमारास जाते, म्हणजे तिथून अजून बरीच वाट बाकी असते.) दुसरा गट ९५० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे ठेवून अति तापवावा. तिसऱ्याला पाणी योग्य द्यावे, पण टेंपर ३२० अंशांवर करावे. चौथा गट मुद्दाम मंद तेलात, न हलवता विझवावा. प्रत्येक गटात किमान तीन तुकडे असावेत.

मग या सर्वांवर आपली नेहमीची प्रत्येक चाचणी करावी आणि कोणत्या चाचणीने कोणता गट पकडला ते एका तक्त्यात लिहावे. माझ्याकडे कानशीने फक्त चौथा गट पकडला, तोही सगळा नाही. रॉकवेलने तिसरा आणि चौथा पकडला आणि दुसरा सोडला. मोडाने दुसरा तत्काळ पकडला आणि तिसऱ्याबद्दल काहीही सांगितले नाही. पितळी सळीने, धारेची जाडी सारखी ठेवल्यावरही, खात्रीने एकच चौथा गट ओळखला. कागद आणि केस यांनी एकही नाही. हा तक्ता प्रत्येकाचा थोडा वेगळा येईल, आणि तसा तो यायलाच हवा, कारण हात, घडण आणि पोलाद वेगळे असते. दुसऱ्याच्या तक्त्यावर विसंबून चालणार नाही.

तक्ता हाती आला की मूळ तक्रारीचे निदान सोपे होते. टवके उडणाऱ्या पात्याचा आकडा बरोबर असेल, ओल्या दगडावर अर्धा मिलिमीटर काढूनही टवके थांबत नसतील आणि धारेमागची जाडी पुरेशी असेल, तर संशय अति तापमानावर येतो, आणि तो मोडाने आणि मिठाने तपासायचा असतो. कानस पुन्हा घासण्यात वेळ घालवू नये. धार दुमडत असेल आणि आकडा कमी असेल, तर आधी तेलाचा वेग आणि भट्टीपासून तेलापर्यंत लागणारा वेळ पाहावा, मग टेंपरिंगच्या ओव्हनचे तापमान स्वतंत्र तापमापकाने तपासावे. आकडा बरोबर असूनही धार दुमडत असेल, तर बहुधा जळालेली धार किंवा अति पातळ घडण हेच कारण निघते.

तुकडे मोडताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि तुकडा जाड कापडात गुंडाळलेला असावा, कारण कडक पोलाद मोडताना उडते. प्रत्येक गटातला एक मोडलेला तुकडा तेल लावून, तापमान आणि तारीख लिहिलेल्या डबीत ठेवून द्यावा. पुढे प्रत्येक घाणीबरोबर एक तुकडा भट्टीत घालावा, मोडावा आणि त्याचा मोड त्या डबीतल्या तुकड्यांशेजारी, एकाच दिव्याखाली, ठेवून पाहावा.